धर्माची गाय आणि तिचे दात

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने दहा दीपगृहे निकालात काढायचे जाहीर केले. सहा फुकट द्यायची आणि चार लिलावात विकायची. बातमी जगभर फिरली. पाण्याकाठी आयता मनोरा मिळतोय म्हटल्यावर लोक हरखले. बारीक अक्षरांतला मजकूर फारसा कोणी वाचला नाही. फुकट मिळणार होती ती नगरपालिकांना, सरकारी खात्यांना आणि ना-नफा संस्थांना, तीही देखभालीच्या कडक अटींवर. साध्या माणसाला घ्यायचे तर लिलावात बोली लावायची.

‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असे आपण म्हणतो. फुकट आलेल्या वस्तूत खोड काढू नये, हा त्याचा अर्थ. दीपगृहाच्या बाबतीत हा शहाणपणा महागात पडतो. इथे आधी दात मोजावेत, मगच दावे हातात घ्यावे. मिशिगन सरोवराकाठच्या बंदरांतली दीपगृहे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तिथे गेल्या पाव शतकात मनोरे एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण ते सांभाळायला लागणारा पैसा त्यांच्याबरोबर गेला नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की सरकार ज्याला वारसा जपणे म्हणते, त्यातला बराच भाग खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे आहे.

सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो. मिशिगन सरोवर दक्षिणोत्तर ४९० किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याचे पाणी ५८ हजार चौरस किलोमीटरवर पसरले आहे. समोरचा काठ दिसत नाही, आणि वादळात दोन मजली घराएवढ्या लाटा उठतात. नद्या या सरोवराला मिळतात तिथे मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि गलबत आत येऊ शकत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यावर एकच उपाय होता. नदीच्या दोन्ही बाजूंनी सरोवरात समांतर धक्के काढायचे, म्हणजे प्रवाह मधल्या अरुंद वाटेने जोरात वाहतो आणि गाळ पुढे ढकलतो. हे धक्के ओंडक्यांचे असत. लाकडाच्या मोठमोठ्या पेट्या बांधायच्या, ठरल्या जागी बुडवायच्या आणि दगडांनी भरायच्या. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, त्यामुळे पाण्याखालची लाकडी पेटी शंभर वर्षेही टिकते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

धक्का लांबला की दिवाही पुढे न्यावा लागे. काठावरच्या टेकाडावरचा दिवा ‘बंदर इथे आहे’ एवढेच सांगतो, दार नेमके कुठे आहे ते धक्क्याच्या टोकावरचा दिवा सांगतो. रात्री वादळात शिरताना दोनशे फूट डावीकडे की उजवीकडे हाच जीवनमरणाचा प्रश्न असतो. आणि धक्क्यावरून लाटा जात असताना टोकापर्यंत पोहोचायचे तर डोक्याएवढ्या उंचीवरून लोखंडी खांबांवर बांधलेली अरुंद वाट हवी. तिलाच कॅटवॉक म्हणतात. एके काळी या सरोवराकाठी अशा वाटा बऱ्याच होत्या. आता मिशिगन राज्यात चार उरल्या आहेत, ग्रँड हेवन, मॅनिस्टी, साउथ हेवन आणि सेंट जोसेफ. पाचवी इंडियाना राज्यात, मिशिगन सिटीला.

मिशिगन सिटीचा इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण दीपगृह जपणे म्हणजे रोजचे काम असते हे तिथे उघड दिसते. पहिले दीपगृह १८३७ चे, विटांचे आणि चुन्याने पांढरे केलेले. ते बाद करून १८५८ मध्ये दुसरे बांधले. घर आणि त्याच्या छपरावर दिव्याची खोली, आत लहान आकाराचे, पाचव्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग, म्हणजे दिव्याचा उजेड एकवटून लांब फेकणारी लोलकांची चौकट. १८६१ मध्ये हॅरिएट कोलफॅक्स तिथे दीपरक्षक म्हणून आल्या आणि १९०४ पर्यंत राहिल्या. त्रेचाळीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते. वर्षाला ३५० डॉलर पगार होता. घरावरचा दिवा त्यातल्या त्यात सोपा होता. १८७१ मध्ये धक्क्यावर दुसरा दिवा आला आणि खरे हाल सुरू झाले. तेव्हा जळण म्हणून डुकराच्या चरबीचे तेल वापरत. थंडीत ते आपल्या खोबरेल तेलासारखे गोठते. म्हणून घरी चुलीवर तापवायचे, डबा घेऊन वाऱ्यातून धक्क्याच्या टोकाला जायचे आणि तिथे पोहोचेपर्यंत थिजले तर परत यायचे. पुढे १८७४ मध्ये तो दिवा खाडीपलीकडच्या पश्चिम धक्क्यावर नेला, तेव्हा होडीने जाणे आले. १८८६ च्या वादळात दिव्याचा मनोराच वाहून गेला. पूर्व धक्क्यावरचे आजचे दीपगृह १९०४ चे. खाली धुक्यातल्या भोंग्याच्या यंत्राची चौकोनी खोली, वर अष्टकोनी मनोरा, आत वीटकाम आणि बाहेरून पोलादी पत्रा. जुन्या घरावरचे भिंग काढून इथे बसवले. किनाऱ्यापासून दीपगृहापर्यंत सुमारे १,५०० फुटांचा कॅटवॉक झाला.

जाता जाता एक गोष्ट. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो नदीत ‘ईस्टलंड’ ही बोट धक्क्यालाच कलंडली आणि ८४४ माणसे गेली. ती बोट निघाली होती मिशिगन सिटीच्या सहलीला. या दिव्याच्या समोरून ती आत यायची होती.

मिशिगन सिटीच्या दिव्याला १९३३ मध्ये वीज आली आणि १९६० मध्ये तो स्वयंचलित झाला. इमारतीच्या दुखण्याची सुरुवात इथून धरावी. माणूस राहतो तेव्हा शेगडी पेटते, खिडक्या उघडतात, गळते कुठे ते दुसऱ्या दिवशी कळते. पूर्वीचा दीपरक्षक दर उन्हाळ्यात गंजाचे टवके खरवडून रंगाचा हात मारत असे. त्याच्या कामात ते धरलेलेच होते आणि तपासणीला अधिकारीही येई. दिवा स्वयंचलित झाला आणि हे सारे एका फटक्यात बंद पडले. भुरट्या चोरांपासून राखायला म्हणून अशा मनोऱ्यांच्या खिडक्या ठिकठिकाणी विटांनी किंवा पत्र्याने बुजवल्या. दिव्याच्या खोलीच्या माथ्यावर हवेसाठी एक पोकळ गोळा असतो, पूर्वी दिव्याचा धूर त्यातून जाई. पाऊस आत येतो म्हणून तोही बंद केला. मग आतली दमट हवा कोंडते. रात्री पत्रा गार पडला की आतल्या बाजूने पाणी धरते आणि विटांच्या पाठीकडून पत्र्याला गंज चढतो. बाहेरून रंग झकास दिसतो आणि आतून पत्रा वेफरसारखा झालेला असतो.

गंजाची एक खोड लोक विसरतात. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटने ठोकले असतील तर त्यांच्या फटीत गंज फुगतो आणि पत्रे पाचर मारल्यासारखे उचलले जातात, रिव्हेटचे डोके तुटून पडते. अशा फटीवर नुसता रंग मारणे म्हणजे पिकलेल्या फोडावर पावडर लावणे. फट उघडायची, साफ करायची, नवे रिव्हेट किंवा बोल्ट घालायचे, मगच ती भरून बंद करायची.

रंगाचेही तसेच. शंभर वर्षांचे थर म्हणजे शिसे आलेच. ते उडवायचे तर सगळा मनोरा ताडपत्रीने वेढून आतली हवा बाहेर खेचत राहावी लागते, म्हणजे धूळ सरोवरात पडत नाही. खाली जमलेला चुरा घातक कचरा म्हणून वेगळ्या गाडीने, वेगळ्या जागी जातो. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला की त्याच दिवशी जस्ताचा पहिला हात बसला पाहिजे, नाहीतर रात्रीत पुन्हा तांबूस झाक येते. त्यावर इपॉक्सी, त्यावर ऊन सोसणारा पॉलियुरेथेन. शिवाय रंगकामातला सर्वमान्य नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश सेल्सियस वर हवे. सरोवरात पुढे गेलेल्या धक्क्यावर मे-जूनच्या सकाळी हे अनेकदा जमत नाही, कारण पाणी अजून बर्फासारखे गार आणि हवा दमट असते. सप्टेंबरनंतर वादळे सुरू होतात. हाती उरतात तीन-साडेतीन महिने. त्यातही लाट उठली की कामगार धक्क्यावर जात नाहीत, आणि जड सामान तराफ्यावर क्रेन ठेवून आणावे लागते. काठावरच्या इमारतीच्या दराने धक्क्यावरच्या मनोऱ्याचे अंदाजपत्रक करणारा कंत्राटदार फसतो आणि त्याच्याबरोबर नगरपालिकाही फसते.

विटांच्या भागात चूक वेगळी होते. जुनी वीट मऊ, तिच्या दरजा चुन्याच्या. पुढे कोणीतरी ‘मजबुती’ म्हणून त्या सिमेंटने भरतो. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि ओल सोडत नाही. मग पाणी दरजेतून बाहेर पडण्याऐवजी विटेतून वाट काढते, तिथेच गोठते आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. कोकणातल्या दीपगृहाचा वैरी खारा वारा, तर इथला वैरी बर्फ. हिवाळ्यात तुषार मनोऱ्यावर थरावर थर गोठतात. सेंट जोसेफच्या बर्फाने मढलेल्या दीपगृहाची छायाचित्रे दरवर्षी सगळीकडे फिरतात. बघणाऱ्याला तो हिवाळ्याचा दागिना वाटतो, पण मनोऱ्याला ते ओझे झालेले असते आणि वितळताना पाणी प्रत्येक फटीत शिरते.

आता कायद्याकडे. ७ ऑगस्ट १७८९ रोजी अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने जे पहिलेवहिले कायदे केले त्यातला एक दीपगृहांचा होता. दीपगृहे, खुणा आणि बोया यांच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च केंद्राच्या तिजोरीतून होईल असे त्यात ठरले. नवे राष्ट्र अजून पायावर उभे नव्हते, कर्जात होते, तरी दिव्याचे तेल आपण भरायचे हे त्याने मान्य केले. २००० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक दीपगृह जतन कायदा आला आणि हे उलटे फिरले. तटरक्षक दलाला नको असलेले दीपगृह आधी सरकारी संस्था, नगरपालिका किंवा ना-नफा संस्था यांना विनामूल्य देऊ करायचे. त्यांचे अर्ज राष्ट्रीय उद्यान सेवा तपासते, त्यात जतनाचा आणि पैशाचा आराखडा मागितला जातो. योग्य कोणी पुढे आले नाही तर लिलाव. नव्या मालकाने ठरल्या दर्जाने इमारत ठेवली नाही तर ती परत घेण्याचा हक्क सरकारकडे राहतो. २०२३ पर्यंत या कायद्याखाली दीडशेच्या आसपास दीपगृहे गेली, ऐंशीएक फुकट आणि सत्तरएक लिलावात. लिलावातून सरकारला एक कोटी डॉलरहून अधिक मिळाले.

कायदा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो नसता तर यातली कित्येक दीपगृहे कुलूप लावून सडली असती. पण त्याचा हिशोब एकतर्फी आहे. देखभालीची अट करारात लिहिलेली आहे, देखभालीचा पैसा त्यात नाही. साठ वर्षे न केलेल्या दुरुस्तीची थकबाकी मनोऱ्यासोबत मुकाट पुढे जाते. घरभाडे थकवून निघून जाणारा भाडेकरू किल्ली पुढच्याच्या हातात ठेवतो आणि वर ‘नीट वापरा हं’ असेही बजावतो, त्यातला हा प्रकार.

धक्क्यावरच्या दीपगृहात याहून मोठा घोळ मालकीचा आहे. मनोरा नगरपालिकेचा झाला तरी आतला चालू दिवा तटरक्षक दलाचाच राहतो आणि त्यांना येण्याजाण्याचा हक्क असतो. पायाखालचा धक्का साधारणपणे लष्कराच्या अभियंता दलाच्या अखत्यारीत असतो. त्याच्या खालची सरोवराची जमीन राज्याची. कॅटवॉक कधी शहराचा, कधी आणखी कोणाचा. तेव्हा मनोरा ‘मिळाला’ म्हणजे नेमके काय मिळाले? ग्रँड हेवनचे उदाहरण बोलके आहे. तिथला कॅटवॉक १९८० च्या दशकात काढून टाकायचे ठरले होते, लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला. २०१६ मध्ये धक्क्याची दुरुस्ती निघाली तेव्हा तोच कॅटवॉक उतरवावा लागला. धक्का दुरुस्त झाला, पण वरची वाट परत उभी करायला काही वर्षे आणि पुन्हा लोकवर्गणी लागली. धक्क्याचे काम आखतानाच कॅटवॉकचा खर्च त्यात धरणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

आणि धक्का हाच खरा पाया आहे. वर सांगितलेली लाकडी पेटी पाण्याखाली शतकभर टिकते ती हवा लागत नाही म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन आणि त्याला जोडलेले ह्युरॉन या सरोवरांची पातळी समुद्रसपाटीपासून १७५.५७ मीटरवर गेली, नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. त्याआधी ऑक्टोबर १९८६ मध्ये ती १७७.५० मीटर होती आणि २०२० मध्ये पाणी पुन्हा त्या उंचीजवळ पोहोचले. जवळपास दोन मीटरचा हा फरक. पाणी उतरते तेव्हा लाकडाचे माथे उघडे पडून कुजायला लागतात. पाणी चढते तेव्हा लाटा धक्क्यावरून थेट मनोऱ्याच्या दारावर आदळतात आणि वरच्या काँक्रीटच्या थराखालची भर धुऊन नेतात. मनोऱ्यावर लाखो डॉलर खर्चून खालच्या पेटीची पाहणी न करणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौले चढवणे. तरी अनुदाने मनोऱ्याला सहज मिळतात. मनोरा छायाचित्रात दिसतो, धक्क्याच्या पोटातली पेटी दिसत नाही.

जमले कुठे? सेंट जोसेफला बऱ्याच अंशी जमले, म्हणून ते नीट पाहावे. १८३२ मध्ये या सरोवरावरचे पहिले दोन दिवे लागले, एक शिकागोत आणि दुसरा इथे. टेकाडावरचे नंतरचे दीपगृह १९५० च्या दशकात पाडले, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. ही गोष्ट गावाने विसरू नये आणि बहुधा विसरलेही नाही. उत्तर धक्क्यावर मात्र दोन दिवे उभे राहिले, बाहेरचा १९०६ चा आणि आतला १९०७ चा. ही जोडी एकत्र काम करते. पुढचा दिवा खाली, मागचा उंच. होडीतून पाहताना दोन्ही एकावर एक आले की आपण बरोबर वाटेवर, मागचा डावीकडे सरकला की आपणही डावीकडे वाहवलो. नकाशा, यंत्र, उपग्रह काही नको. २००८ मध्ये दोन्ही मनोरे शहराकडे आले. वस्ती आठ हजारांच्या आसपास. लोकांनी, देणगीदारांनी मिळून सुमारे वीस लाख डॉलर उभे केले आणि २०१५-१६ मध्ये शिशाचा रंग काढण्यापासून खिडक्यांपर्यंत सगळे काम झाले. लोकांना आता आत जाता येते.

इतके चांगले काम झाल्यावरही हिशोब पुढे चालूच राहतो. चांगल्या रंगाचे आयुष्य अशा जागी पंधरा-वीस वर्षे. समजा पुढच्या मोठ्या कामाला पहिल्याच्या निम्मा, म्हणजे दहा लाख डॉलर खर्च आला आणि तो वीस वर्षांनी आला. तर दरवर्षी पन्नास हजार बाजूला पडले पाहिजेत, म्हणजे माणशी वर्षाला सहा डॉलर. महागाई यात धरलेली नाही. हा अंदाज आहे, पण प्रश्नाचे आकारमान कळायला पुरेसा आहे. रक्कम अशक्य नाही. अडचण ही की जीर्णोद्धाराला देणगीदार मिळतो, वार्षिक रंगाच्या डब्याला मिळत नाही. फीत कापायला व्यासपीठ लागते, फट भरायला लागत नाही.

वार्षिक काम तसे मोठे नसते. बर्फ वितळला की एप्रिल-मेमध्ये माणूस वर चढवावा. दिव्याच्या खोलीच्या काचांचे सांधे पाहावेत, सज्जातली पाणी जायची भोके मोकळी करावीत. तुंबलेले एक भोक गंजाला अख्खा हिवाळा देते. पक्ष्यांची विष्ठा कमी दाबाच्या पाण्याने धुवावी, कारण ती रंग खाते. जिथे टवका उडाला तिथे हाताने धातूपर्यंत घासून त्याच आठवड्यात तीनही हात मारावेत. शरद ऋतूत दारे-झडपा बंद कराव्यात, पण हवेची वाट कधीही बुजवू नये. दोन माणसांचे काही दिवसांचे काम आहे हे. ते दहा वर्षे टाळले की पुन्हा ताडपत्री, क्रेन आणि वीस लाख.

मग करावे काय? माझे म्हणणे असे की केंद्र सरकारने कोणतेही धक्क्यावरचे दीपगृह रिकाम्या हाताने देऊ नये. देताना शिसे काढून द्यावे किंवा त्या कामाचा अंदाजित खर्च सोबत द्यावा. तटरक्षक दलाचा देखभालीचा खर्च दरवर्षी वाचतो, त्यातला वीस वर्षांचा भाग त्या दीपगृहाच्या राखीव निधीत टाकावा. फक्त व्याज आणि ठरलेला हप्ता खर्च करता येईल असा तो निधी असावा. दुसरे, धक्क्याबद्दल अभियंता दलाने लेखी सांगावे की मनोरा उभा आहे तोवर त्याखालच्या भागाची पाहणी किती वर्षांनी होईल आणि दुरुस्ती निघाली तर कॅटवॉक उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोण करील. लिलावातून आलेला पैसाही दीपगृहांच्याच कामी यावा. एक कोटी डॉलर सरकारच्या दृष्टीने चिल्लर आहे, पण आठ हजार वस्तीच्या गावाला तो फार मोठा आधार आहे. मिशिगन राज्याने निदान एक वाट काढली आहे. ‘आमचे दिवे वाचवा’ अशा खास नंबरप्लेट लोक जास्त पैसे भरून गाडीला लावतात आणि त्यातून दीपगृहांना अनुदाने मिळतात. कल्पना चांगली आहे, पण सव्वाशेच्या आसपास दीपगृहे असलेल्या राज्यात नंबरप्लेटच्या पैशाला मर्यादा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. प्रत्येक होडीत जीपीएस आहे, मग दिवा कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. मालवाहू जहाजांना या दिव्यांची गरज आता जवळपास उरलेली नाही. पण या बंदरांत आज मुख्यतः हौशी होड्या आणि मासे धरणारे येतात आणि यंत्राची बॅटरी नेमकी वादळात जाते. तेवढ्यासाठी एक खांब आणि त्यावर एलईडी पुरेल, हेही खरे. म्हणून नौकानयनाच्या मुद्द्यावर मी दीपगृहाची बाजू मांडणार नाही, ती कमजोर आहे. मुद्दा सार्वजनिक जागेचा आहे. धक्का ही सगळ्या गावाची फिरायची जागा असते आणि टोकावरचा मनोरा ही त्या गावाची ओळख. मिशिगनमधल्याच हॉलंड गावात १९७० च्या सुमारास दिवा सोडून द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी सह्या गोळा केल्या. १९५६ मध्ये लाल रंगवलेला तो मनोरा आज ‘बिग रेड’ म्हणूनच ओळखला जातो. अशी जागा लिलावात एका माणसाच्या नावावर जाणे मला पटत नाही. सरोवराच्या मध्यावर, काठापासून दूर काँक्रीटच्या बेटावर उभ्या दीपगृहांचे वेगळे. ती कोणी हौशीने विकत घेऊन राखत असेल तर राखू द्यावी. आणि हेही बोलून टाकावे की सगळीच वाचणार नाहीत. जिथे धक्काच संपत आला आहे आणि गावही लहान आहे, तिथे नीट मोजमाप व छायाचित्रे घेऊन, भिंग उतरवून मनोऱ्याला निरोप देणे हा पैशाचा जास्त शहाणा वापर आहे. दहा दीपगृहे अर्धवट रंगवण्यापेक्षा चार नीट राखावीत.

भिंगाबद्दलही मतभेद आहेत. काहींना ते मूळ जागी हवे असते. फ्रेनेल भिंगाचे लोलक पितळी चौकटीत शिसाच्या भस्माच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवलेले असतात. थंडी-उन्हात ती लांबी सुकते, भुगा होते आणि लोलक सैल होऊन कडा उडतात. कडकडीत थंडीच्या, न तापवलेल्या खोलीत ते ठेवणे म्हणजे हौसेपायी मोडणे. मिशिगन सिटीने भिंग खाली आणले. १८५८ च्या जुन्या दीपगृहात १९७३ पासून संग्रहालय आहे, तिथे ते पाहता येते. मला हे बरोबर वाटते. लोकांना जवळून भिंग दिसते आणि धक्क्यावरचा आधुनिक दिवा आपले काम करतो.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन ठेपला आहे, म्हणून थोडे. भारतात दिव्यांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून चालत आला. अमेरिकेत तसे शुल्क नव्हते, सगळा भार करदात्यावर. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये आपल्याकडे नवा कायदा आला आणि त्यात ‘वारसा दीपगृह’ ही सोय झाली. म्हणजे केंद्राच्या ताब्यातले दीपगृह नौकानयनाबरोबर शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी वापरता येते. कुलाब्याजवळचे प्राँग्स १८७५ चे, खांदेरीचे १८६७ चे, गोव्यातले आग्वादचे जुने दीपगृह १८६४ चे आणि १९७६ पासून बंद. यांच्याभोवती उपाहारगृह आणि सेल्फीची जागा उभारणे सोपे आहे. पर्यटकाच्या तिकिटातला ठरलेला हिस्सा चुन्याच्या दरजांसाठी त्याच दीपगृहाच्या खात्यात पडेल, हे आधी लिहून घेणे अवघड. मालकी अजून केंद्राकडेच आहे तोवर ते लिहून घेता येते. अमेरिकेने ही वेळ घालवली.

सेंट जोसेफच्या मनोऱ्यांना शेवटचा पूर्ण हात २०१६ मध्ये बसला. पंधरा ते वीस वर्षांचे गणित धरले तर पुढची ताडपत्री २०३१ ते २०३६ च्या दरम्यान चढेल. पंधरा वर्षांनी चढणार असेल तर अर्ध्याहून अधिक मुदत सरली आहे.